माथ्यावरचा पुष्य

नाथषष्ठीला पैठणात उतरलेला वारकरी आभाळाकडे पाहत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. फाल्गुन वद्यातल्या त्या दिवसांत पाहण्याजोगे सारे काही जमिनीवरच असते. वाळवंटात राहुट्या पडलेल्या असतात, दिंडीमागून दिंडी टाळमृदंगाच्या गजरात नाथांच्या समाधीकडे निघालेली असते, आणि १५९९ साली याच तिथीला एकनाथमहाराजांनी ज्या गोदावरीत जलसमाधी घेतली तिच्या पाण्यात पाय बुडविल्यावाचून कोणी परत फिरत नाही. तथापि त्या रात्री, म्हणजे तिथी मार्चच्या आरंभी पडली तर दहाच्या सुमारास आणि महिनाअखेर पडली तर साडेआठलाच, जो कोणी गर्दीतून थोडा बाजूला होऊन, डोक्यावरची टोपी पडेल इतकी मान मागे टाकील, त्याला आपल्या थेट माथ्यावर, आरशावर फुंकर मारल्यावर जसा डाग उमटतो तसा एक धूसर डाग दिसेल. वद्य षष्ठीचा चंद्र अकराच्या सुमाराखेरीज उगवत नाही, त्यामुळे तोवर आभाळाला काळोखाची मुभा असते. हा डाग म्हणजे ढग नव्हे. सुमारे एक हजार सूर्यांचा तो समुदाय आहे, आणि ज्या नक्षत्रात तो आहे त्याचे नाव पंचांग उघडणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी असते. ते नक्षत्र म्हणजे पुष्य.

सत्तावीस नक्षत्रांत पुष्याइतके नावाजलेले आणि पुष्याइतके अनोळखी दुसरे नक्षत्र शोधून सापडणार नाही. कृत्तिकांचा झुबका पोरेही ओळखतात. मृगाचा बाण आणि त्याच्या टोकाकडचा तेजस्वी व्याध दाखवावा लागत नाही. पुष्याच्या वाट्याला मात्र एकही ठळक तारा आलेला नाही. पुनर्वसूची तेजस्वी जोडी आणि मघांचा विळा यांच्यामध्ये जो उजाड पट्टा पडल्यासारखा दिसतो त्यात त्याचे बिऱ्हाड आहे. जुन्या ग्रंथकारांनी त्याला तीन तारा आणि बाणाचा आकार दिला. त्यांतली मुख्य योगतारा अगदी क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या वाटेवरच, बसलेली आहे. तिच्या उत्तरेस तिच्याहूनही मंद अशी दुसरी एक तारा आहे, आणि या दोहोंच्या मधे, किंचित पश्चिमेकडे, आपला डाग आहे. त्याची आकाशातली रुंदी तीन पूर्णचंद्र शेजारीशेजारी ठेवावेत इतकी भरते. पण त्यातला सर्वांत तेजस्वी ताराही उघड्या डोळ्यांच्या आवाक्याच्या किंचित पलीकडे असल्यामुळे, एकेक तारा न दिसता सर्वांचा मिळून एक उजेड तेवढा जाणवतो.

हा पुष्य पैठणच्या 'थेट माथ्यावर' येतो हे विधान मी अलंकाराने करीत नाही, आणि वाचकांप्रमाणे मलाही ते प्रथम अतिशयोक्तीचे वाटले होते, म्हणून एका मार्चमध्ये मी त्याची सरळ मोजणीच केली. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, जुन्या गावातल्या एका माळवदावर दोन बांबूंना आडवी काठी बांधून तिला तो टांगला, खाली घोंगडी अंथरली, आणि ओळंब्याचे पितळी वजन कपाळापासून वीतभर उंचीवर राहील अशा बेताने उताणा पडलो. गल्लीतले दिवे ऐन वेळी गेले. नेहमी ज्याबद्दल त्रागा करावयाचा तीच गोष्ट त्या रात्री पथ्यावर पडली. साडेनऊच्या थोडे अलीकडे डाग दोरीच्या पश्चिमेस नव्हे, पूर्वेस होता. मग तो हळूहळू सरकत दोरीच्या वरच्या टोकापाशी आला, तिच्याआड गेला, आणि कडेपासून कडेपर्यंत दोरी ओलांडावयास त्याला सहा मिनिटांवर थोडा वेळ लागला. दोरीच्या उत्तरेस किती आणि दक्षिणेस किती, हे ठरविता येऊ नये इतका तो मधोमध होता. शेजारच्या माळवदावर वारा खात बसलेल्या आजी हा सारा खटाटोप मुकाट्याने पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही.

"आभाळाला ओळंबा लावू राहिले का मास्तर?"

मी म्हणालो, "हो आजी. पुष्य नक्षत्र डोक्यावर आलंय."

"पुष्य? म्हणजे म्हातारा का? तो तर आखाडात येतो. शिमग्यात कुठून आला?"

आजींच्या या प्रश्नाकडे मी येणारच आहे. आधी ओळंब्याचा हिशेब पुरा करतो. पृथ्वीवरच्या गावाला जसा अक्षांश तशी आकाशातल्या ताऱ्याला क्रांती असते, आणि ज्या ताऱ्याची क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी, तो तारा रोज एकदा त्या गावाच्या बरोबर माथ्यावरून जातो. जुने ज्योतिषी त्या माथ्याला खस्वस्तिक म्हणत. पैठणचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या अगदी लगत आहे, आणि आजच्या घडीला पुष्यातल्या गुच्छाची क्रांतीही साडेएकोणीस अंशच भरते. परंतु हा योग कायमचा नव्हे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा घेत डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या क्रांती सावकाश बदलत राहतात, आणि पुष्याचा हा गुच्छ हल्ली पावणेतीनशे वर्षांत साधारण एक अंश या वेगाने दक्षिणेकडे उतरत आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे हेच पैठण, ऐन भरात होती तेव्हा तो इथल्या माथ्यापासून पाच अंश उत्तरेकडून निघून जाई. एकनाथमहाराज रात्री वाड्याच्या अंगणात उभे राहिले असतील तर त्यांना तो माथ्याच्या उत्तरेस तीन चंद्रांच्या अंतरावर दिसला असेल. पैठणच्या ओळंब्याशी त्याची गाठ पडली आहे ती आपल्याच काळात.

आता आजींचा प्रश्न. मराठवाड्यातला शेतकरी पाऊस महिन्यांनी मोजत नाही, नक्षत्रांनी मोजतो: मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा तो 'म्हातारा', आणि त्यामागून आश्लेषांचा 'आसळका'. तरण्याने हुलकावणी दिली तरी म्हातारा लाज राखील अशी आशा धरणारी, आणि त्या वर्षी पंचांगाने पुष्याला बेडूक हे वाहन दिले आहे की गाढव, याची चौकशी करणारी मंडळी अजून प्रत्येक पारावर सापडतात. मात्र पावसाचे हे नक्षत्र सूर्याचे नक्षत्र असते, हे लक्षात ठेवावे लागते. सूर्य जुलैच्या १९-२० तारखेला पुष्याच्या विभागात शिरतो आणि ऑगस्टच्या २-३ तारखेला बाहेर पडतो. तेवढ्या पंधरवड्याला म्हातारा लागला असे म्हणतात. म्हणजे ज्या दिवसांत पुष्याचे नाव घरोघरी निघते, नेमक्या त्याच दिवसांत तो सूर्यासोबत उगवून सूर्यासोबत मावळत असतो, आणि आकाश निरभ्र असते तरी तो कोणास दिसला नसता. शिमग्यात दिसणारा आणि आखाडात पडणारा म्हातारा एकच. एक रात्रीचा, दुसरा दिवसाचा.

यात आणखी एक बारकावा आहे. सूर्यसिद्धान्ताने पुष्याच्या योगतारेचे स्थान १०६ अंश आणि शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे अंतर, शून्य असे दिले आहे, तर पुष्याचा विभाग संपतो १०६ अंश ४० कलांवर. याचा अर्थ असा की योगतारा आपल्याच वाड्याच्या परसदारी उभी आहे. सूर्य पुष्याच्या विभागात शिरला तरी तारेपाशी पोहोचावयास त्याला ऑगस्टची १ तारीख उजाडते, म्हणजे म्हातारा निरोप घेण्याच्या बेतात असतो. आणि याच पंधरवड्यात, २५-२६ जुलैच्या दुपारी, सूर्य स्वतःही पैठणच्या माथ्यावर येतो व उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. मेच्या मध्यानंतर दिसलेला हा प्रकार दुसऱ्यांदा घडताना ढग मात्र तो सहसा पाहू देत नाहीत. ढग असूनही पैठणच्या शिवारात पाऊस असेलच असे नाही, ही या पर्जन्यछायेतल्या मुलखाची जुनी तक्रार. म्हातारा खरा पडतो तो नाशिकच्या घाटमाथ्यावर, आणि ते पाणी गोदावरीने वाहत येऊन पैठणच्या जायकवाडी धरणामागे, नाथसागरात, साठते. म्हणून जुलैअखेरीस पैठणकर आभाळाकडे पाहण्याऐवजी धरणात किती टक्के साठा झाला हे विचारतो. ज्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी बसविली त्याला दरवाजे आहेत सत्तावीस, नक्षत्रांइतकेच. अभियंत्यांनी पंचांग पाहून ते बसविले नाहीत हे उघड आहे, तरी पैठणात बसून हा आकडा लिहिताना लेखणी क्षणभर थबकते.

पुष्याचे जुने नाव तिष्य. वैदिक वाङ्मयात त्याची देवता बृहस्पती, आणि बृहस्पती प्रथम प्रकट होताना तिष्य नक्षत्रापाशी आला, अशा आशयाचे वचन तैत्तिरीय ब्राह्मणात आहे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात या वचनामागे प्रत्यक्ष वेध पाहिला: योगतारा ग्रहांच्या वाटेवरच असल्याने गुरू तिच्या अगदी निकट येऊ शकतो, आणि एखाद्या रात्री तिला चिकटलेला गुरू दुसऱ्या रात्री सरकलेला दिसल्यावर हा तारा नव्हे, चालणारा ग्रह आहे, हे कोणाच्या तरी ध्यानी आले असावे. हा तर्क मला फार पटतो, कारण शोध बहुधा असेच लागतात. शेजारी एक हलत नाही म्हणून दुसरा हलतो हे कळते. अशोकाच्या काळी तर तिष्य हे सरकारी कामकाजाचे नक्षत्र होते. धौली व जौगड येथील त्याचे स्वतंत्र लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी प्रजेला वाचून दाखवावेत अशी आज्ञा आहे, आणि पाचव्या स्तंभलेखात तिष्य व पुनर्वसूच्या दिवशी घोड्याबैलांना डाग देऊ नये असा मनाई हुकूम आहे. त्याच्या शिलालेखांत जे 'पेतेनिक' लोक येतात ते पैठणचे रहिवासी असावेत असे काही विद्वान मानतात. तसे असेल तर ते फर्मान आमच्या पूर्वजांच्या बैलांनाही लागू झाले असेल. आज या नक्षत्राचा दरबारी मान सराफकट्ट्यावर उरला आहे: गुरुवारी चंद्र पुष्यात आला की गुरुपुष्यामृत, आणि त्या दिवशी सोने घ्यावयाचे. दुकानापुढच्या रांगेतले किती जण रात्री वर पाहून चंद्र खरेच तिथे आहे काय याची शहानिशा करतात, हा प्रश्न मी एकदा एका सराफाला विचारला, तेव्हा त्याने माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हे अशा नजरेने पाहिले.

ग्रीक लोकांनी या डागाला गव्हाण म्हटले. दोन बाजूंच्या दोन तारा म्हणजे दोन गाढवे, आणि मधला धूसर पुंजका म्हणजे गव्हाणीतला चारा. पाश्चात्त्य नकाशांत ही नावे लॅटिन वेषात अजून नांदत आहेत, इंग्रजांनी पुढे त्यालाच मधमाश्यांचे मोहोळ केले. पण पैठणकराला गव्हाणच अधिक जवळची वाटावी, कारण नाथषष्ठीच्या आदल्या दिवशी, रंगपंचमीला, शेवगावच्या पलीकडे पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते आणि तिथला गाढवांचा बाजार दूरदूरच्या मुलखात प्रसिद्ध आहे. जमिनीवर गाढवांचे सौदे चालले असता माथ्यावर त्यांचीच जोडी गव्हाणीवर उभी असते. ग्रीकांनी मढी पाहिली नव्हती आणि मढीकरांनी ग्रीक पुराण वाचलेले नाही, तरी दोघांचा हंगाम जुळला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला ग्रीक कवी अरेटस याने या गव्हाणीवरून पाऊसही वर्तविला: दोन्ही गाढवे दिसत असता मधली गव्हाण दिसेनाशी झाली तर वादळ जवळ आले असे समजावे. यात भोळसटपणा नाही. हवेच्या वरच्या थरांत बाष्पाचा पातळ पडदा चढू लागला की टिंबासारख्या ताऱ्यांना तो फारसा बाधत नाही; पसरट, क्षीण उजेड मात्र आधी गिळतो. आजींना मी हे सांगितले तेव्हा, चंद्राला खळे पडले की पाऊस येतो हे आमच्याकडेही म्हणतात, एवढाच त्यांचा अभिप्राय पडला, आणि तो बिनचूक होता.

गव्हाणीत चारा नसून तारे आहेत हे प्रथम पाहिले गॅलिलिओने. १६१० च्या मार्चमध्ये, म्हणजे नाथांच्या निर्वाणानंतर दहा-अकरा वर्षांनी, व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तिकेत त्याने या डागाचा नकाशा देऊन, हा एक तारा नसून चाळीसांहून अधिक लहान ताऱ्यांचा समूह आहे असे लिहिले; दोन गाढवे वगळून त्याने छत्तीस तारे टिपले होते. पुढे फ्रेंच ज्योतिर्विद मेसिए याने धूमकेतू म्हणून फसविणाऱ्या धूसर वस्तूंची जी यादी केली तीत ४ मार्च १७६९ रोजी याला ४४ वा क्रमांक मिळाला. मार्चच का, याचे उत्तर ओळंब्याने दिलेच आहे.

अशा समूहाला शास्त्रात खुला तारकागुच्छ म्हणतात. एकाच वायुमेघातून एकाच सुमारास जन्मलेले, परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने सैलसे बांधलेले तारे असा त्याचा अर्थ. पुष्यातला गुच्छ आपल्यापासून सुमारे ६१० प्रकाशवर्षे दूर आहे; त्या माळवदावर माझ्या डोळ्यांत शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा दख्खनवर फिरोजशहा बहामनीचा अमल होता. गुच्छाचे वय साठ ते सत्तर कोटी वर्षे, म्हणजे आपल्या ४६० कोटी वर्षांच्या सूर्यापुढे तो पोरच. शेतकऱ्याने त्याला म्हातारा म्हणावे हा नुसता नावाचा योगायोग. हे वय काढण्याची रीत मोठी सुबोध आहे. जाड वातीचा दिवा अधिक उजेड देतो आणि तेल लवकर संपवितो, त्याप्रमाणे अधिक वस्तुमानाचा तारा लवकर विझतो; सर्व दिवे एकाच वेळी लावले असतील, तर आता कोणत्या जाडीच्या वाती विझत आल्या आहेत एवढे पाहिले की दिवेलागण केव्हा झाली ते कळते. या गुच्छात मोजके चार-पाच नारिंगी राक्षसी तारे आहेत, त्यांच्या वाती फडफडू लागल्या आहेत. काही श्वेत खुजे तारे आहेत, ते विझून गेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे निखारे होत. आणि बहुसंख्य सभासद तांबडे लघुतारे आहेत, ज्यांचे तेल अब्जावधी वर्षे पुरेल पण ज्यांचा उजेड दुर्बिणीशिवाय कोणास दिसत नाही.

सैल बंधनाचा परिणाम व्हावयाचा तो होतो. परस्परांच्या ओढाताणीत जड तारे मधे बसतात, हलके कडेला लोटले जातात, आणि आकाशगंगेच्या ओढीने कडेचे एकेक करून सुटतात. गाया या युरोपीय उपग्रहाच्या मोजणीवरून २०१९ साली असे आढळले की, गुच्छाच्या पुढे व मागे सुटलेल्या ताऱ्यांची लांबच लांब शेपटे पसरली आहेत. दिंडी पैठणच्या वेशीबाहेर पडल्यावर पुढचे भराभर निघून जातात व मागचे रेंगाळतात, तसे. रोहिणीभोवतीच्या शकटातले तारे जवळपास याच वयाचे असून त्यांची चालही याच दिशेला आहे, त्यामुळे दोन्ही गुच्छ एकाच घराण्यातले असावेत असा अनेकांचा कयास आहे. आणि २०१२ साली पुष्यातल्या गुच्छात सूर्यासारख्या दोन ताऱ्यांभोवती गुरूएवढे दोन ग्रह सापडले. एकाचे वर्ष आपल्या दोन दिवसांचे, दुसऱ्याचे साडेचार दिवसांच्या आतले. खुल्या गुच्छातल्या सूर्यासम ताऱ्यांना ग्रह असल्याचा हा पहिला पुरावा होता. पुष्याची देवता बृहस्पती, आणि तिथे पहिले सापडले तेही गुरूसारखेच. असो.

एक खंत मात्र नोंदवून ठेवतो. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत वेधशाळा उभारली, पुढे ती निजाम सरकारच्या ताब्यात जाऊन निजामिया म्हणून नावारूपास आली, आणि जगातल्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेऊन ताऱ्यांची जी छायाचित्रित मोजणी चालविली होती तीत तिने आपला वाटा चोख उचलला. पैठण तेव्हा त्याच राज्यातले. पण हैदराबादच्या वाट्याला आला तो प्रामुख्याने विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा, १७ ते २३ अंशांचा पट्टा. त्यामुळे राज्याच्या पैठण तालुक्याच्या माथ्यावरून रोज जाणारे तारे दुसऱ्यांच्या दप्तरात दाखल झाले.

पाहावयाचे असेल त्याने साधी दुहेरी दुर्बीण घ्यावी. मोठ्या दुर्बिणीत गुच्छ मावत नाही आणि त्याची शोभा जाते. उभे राहून पाहू नये, हात थरथरतात व मान अवघडते. घोंगडीवर पडून पाहावे. पौषी पौर्णिमा टाळावी, त्या रात्री चंद्र पुष्यातच असतो, महिन्याचे नावच त्यावरून पडले आहे, आणि त्या चांदण्यात गुच्छ पार बुडून जातो. वैशाखात दिवेलागणीनंतर तो पश्चिमेच्या निम्म्या आभाळावर उतरलेला असतो, ज्येष्ठात नाथसागराच्या पाण्यावर टेकू लागतो, आणि आषाढात सूर्याच्या उजेडात शिरून दिसेनासा होतो. भाद्रपदाच्या सुमारास पहाटे तो पूर्वेला परत येतो. आश्विनात, रात्रपाळीची वीज आली म्हणून उसाला दारे धरावयास गेलेला माणूस पहाटे चारला बांधावर बसतो, वाफा भरेस्तोवर बॅटरी विझवून ठेवतो. त्या वेळी कापूसवाडीच्या की ढोरकीनच्या, कोणत्याही शिवारातून पूर्वेकडे नजर टाकली तर पुनर्वसूच्या जोडीखाली तो डाग असतो, आणि वाफा भरायला अजून पाच-दहा मिनिटे असतात.